पैसा आपला, नाव दुसऱ्याचे

चलथाण (सुरत): सुरतहून भुसावळकडे निघालेली गाडी उधना सोडते, न्योल मागे टाकते आणि चलथाणला येते. पलसाणा तालुक्यातील हे गाव एकेकाळी उसाचे आणि सहकारी साखर कारखान्याचे म्हणून ओळखले जाई. कारखाना आजही आहे. पण आसपास, कडोदरा आणि पलसाण्याच्या पट्ट्यात, कापड रंगवण्या-छापण्याच्या गिरण्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्याबरोबर कामगारांच्या वसाहती आल्या. या वसाहतींतून कानावर पडणारी भाषा पुष्कळदा अहिराणी असते.

जळगाव, धुळे, नंदुरबारचा माणूस सुरतेला नवखा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ताप्ती खोऱ्यातून रेल्वे गेली, तेव्हापासून खानदेशाला मुंबईपेक्षा सुरत जवळची झाली. यंत्रमागांवर काम मिळाले. उधना, लिंबायत, डिंडोली भागांत वस्त्या वाढल्या, श्रावणात कानबाई बसू लागली. पहिली पिढी भाड्याच्या खोलीत राहिली. दुसऱ्या पिढीला स्वतःचे छप्पर हवे होते आणि शहरातले भाव आवाक्याबाहेर गेले, म्हणून ती चलथाण-कडोदऱ्याकडे सरकली. उसाच्या हंगामात याच मुलखात कोयता घेऊन येणारी, पडावावर राहून पुन्हा डोंगराकडे परतणारी कुटुंबे वेगळी. त्यांच्या वाट्याला जागा विकत घेण्याचा प्रश्नच येत नाही. इथे प्रश्न आहे तो उरलेल्यांचा, ज्यांनी पंधरा-वीस वर्षांची बचत एका तुकड्यात घातली आहे किंवा घालायच्या बेतात आहेत.

गोमंतकीय वाचकाने यात का लक्ष घालावे, हे आधी सांगितले पाहिजे. परप्रांतीयांनी जमिनी घेतल्या, ही आपल्याकडची नित्याची तक्रार आहे. उलट बाजूला, ‘बाली महागली, आता लोंबोक किंवा सुंबा पाहा’ असे सांगणाऱ्या जाहिराती मोबाइलवर येऊ लागल्या आहेत आणि दूरच्या बेटावर घर बांधून राहण्याचे स्वप्न काही जणांना खुणावते. चलथाणचा कामगार आणि बेटावर बंगला शोधणारा गुंतवणूकदार यांच्या ऐपतीत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पण कायद्यासमोर दोघांची अडचण एकच आहे. राहायला कोणी मनाई करत नाही, मालक होताना मात्र कायदा आडवा येतो.

गुजरातमध्ये शेतजमीन शेतकऱ्यालाच विकता येते. 1948 च्या कूळ कायद्यातील कलम 63 तसे सांगते. अमळनेरला बापाच्या नावावर सातबारा असला, तर तो इथे चालेल काय? गुजरात महसूल खात्याची भूमिका अशी राहिली आहे की शेतकरी म्हणजे गुजरातमधला शेतकरी. कच्छमध्ये 1965 च्या युद्धानंतर सीमेलगत वसवलेल्या शीख शेतकऱ्यांची खाती 2010 साली याच कारणावरून गोठवली गेली. 2012 मध्ये उच्च न्यायालयाने शेतकऱ्यांच्या बाजूने निकाल दिला आणि सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. सरकारने बोलावून वसवलेल्यांची ही कथा; मग गिरणी कामगाराने आपल्या गावच्या उताऱ्यावर किती भिस्त ठेवावी?

त्याच्यापुढे सरळ मार्ग एकच, बिनशेती झालेला भूखंड किंवा त्यावरचे घर घेणे. आपल्याकडे जिला रूपांतराची सनद म्हणतो, तिलाच तिथे ‘एन.ए.’ म्हणतात. असा भूखंड महाग पडतो. त्याच रस्त्याला, चार शेते ओलांडून, निम्म्याहून कमी भावात तुकडा मिळतो. त्याचे नाव ‘नोटरीचा प्लॉट’. शेताचा मालक कागदोपत्री तोच राहतो. मध्यस्थ चुन्याच्या रेघा मारून शेताचे भूखंड पाडतो, मुद्रांकावर बानाखत म्हणजे विक्रीचा करार लिहिला जातो, जोडीला कुलमुखत्यारपत्र आणि ताब्याची पावती येते, नोटरीचा लाल शिक्का बसतो. घेणाऱ्याला वाटते, सरकारी शिक्का बसला. नोटरी फक्त एवढेच प्रमाणित करतो की या माणसांनी आपल्यासमोर सह्या केल्या. जमीन कोणाची, ती विकता येते का, हे पाहणे त्याचे काम नव्हे.

या कागदांची किंमत कायद्याने केव्हाच सांगून ठेवली आहे. मालमत्ता हस्तांतरणाचा 1882 चा कायदा म्हणतो की विक्रीच्या करारातून मालमत्तेत कोणताही हक्क निर्माण होत नाही. 1908 च्या नोंदणी कायद्यानुसार शंभर रुपयांवरच्या स्थावर मालमत्तेचे खरेदीखत नोंदवलेच पाहिजे. 2011 मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की मुखत्यारपत्र आणि करार यांच्या जोरावर मालकी जात नाही. साधारणपणे मुखत्यारपत्र देणारा वारला की ते पत्रही संपते. मग मूळ शेतकऱ्याचे वारस येतात, महामार्गामुळे जमिनीचा भाव दसपट झालेला असतो आणि वडिलांनी काय लिहून दिले ते आम्हांस ठाऊक नाही, असे म्हणायला ते मोकळे असतात. दक्षिण गुजरातेत आणखी एक खाच आहे. जमीन आदिवासी खातेदाराची असेल, तर महसूल कायद्याच्या कलम 73 ‘अअ’नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून ती हस्तांतरित होऊच शकत नाही. हा कायदा आदिवासीच्या रक्षणासाठी आहे आणि तो योग्यच आहे. त्याची किंमत मध्यस्थ मोजत नाही, ही खरी गोम.

काही जण याहून पुढे जातात. ओळखीच्या स्थानिक शेतकऱ्याच्या नावावर जमीन घेतात, पैसा आपला घालतात आणि एक खासगी चिठ्ठी कपाटात ठेवतात. बेनामी व्यवहारविरोधी कायदा 2016 च्या दुरुस्तीनंतर कडक झाला आहे. जमीन सरकारजमा होऊ शकते आणि एक ते सात वर्षांची सक्तमजुरी होऊ शकते.

नेमका हाच प्रकार इंडोनेशियाच्या बेटांवर मोठ्या रकमांनिशी चालतो. त्या देशाचा मूलभूत जमीन कायदा 1960 चा. डच राजवटीतील कंपन्यांच्या मळ्यांचा अनुभव ताजा असताना तो झाला. ‘हाक मिलिक’ म्हणजे पूर्ण, वारसाहक्काने चालणारी मालकी फक्त इंडोनेशियाच्या नागरिकाला, असे त्याचे कलम 21 सांगते. परदेशी माणसाला वारशाने अशी जमीन मिळाली, तरी एका वर्षात ती सोडावी लागते. तिथे राहणाऱ्या परदेशी व्यक्तीला ‘हाक पाकाई’ हा वापराचा हक्क मिळतो. 2021 च्या नियमांप्रमाणे तो आधी तीस वर्षे, मग वीस आणि पुन्हा तीस असा वाढवता येतो. नाहीतर सरळ भाडेपट्टा. ज्यांना एवढ्याने समाधान नसते, ते गावातल्या एखाद्याच्या नावावर जमीन घेऊन त्याच्याकडून उलट करार लिहून घेतात. कलम 26 अशा व्यवहाराला रद्दबातल ठरवते. जमीन राज्याकडे जाते आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत.

भारतातून वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम कायदेशीरपणे बाहेर पाठवून परदेशात मालमत्ता घेता येते, हे खरे. रिझर्व्ह बँकेची ती मुभा पैसे पाठवण्याची आहे, तिथल्या मालकीची हमी ती देत नाही. शिवाय दूरच्या बेटांवर सरकारी नोंदीपलीकडे कुळांचा, गावाचा सामायिक पारंपरिक हक्क असतो आणि 1960 चा कायदा तो मान्य करतो. एका भावाने विकलेली किनारपट्टी बाकीच्यांनी विकलेली नसते. कोमुनिदादीच्या जमिनींचे वाद पाहिलेल्या गोमंतकीयाला हे फोड करून सांगायला नको.

जाता जाता एक गोष्ट. इंडोनेशियाच्या पूर्वेकडील फ्लोरेस, लेंबाटा या बेटांवर काही घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली पटोळे गुजरातमधून गेलेली आहेत. डच व्यापारी सुरत बंदरातून कापड नेत, ते मसाल्यांच्या बदल्यात बेटांवर उतरे. लग्नाच्या देण्याघेण्यात त्या वस्त्राला मान असे. परक्याचे कापड घरातल्या पेटीत राहिले. जमिनीच्या बाबतीत मात्र त्याच बेटांनी हात आखडता ठेवला.

आपल्याकडे भातशेतीची जमीन शेतकरी नसलेल्यांना विकण्यावर 2023 च्या कायद्याने निर्बंध आले, तेव्हा स्वागत झाले. पर्यटक म्हणून आलेल्या परदेशी लोकांनी कंपन्या काढून किनाऱ्यावर जागा घेतल्या, त्यांची परकीय चलन कायद्याखाली चौकशी झाली, तेव्हाही. मग चलथाणला तोच कायदा आपल्या भाषेच्या माणसाला अडवतो म्हणून त्याला अन्यायी म्हणता येत नाही. अन्याय दुसरीकडे आहे. श्रीमंताला वकील परवडतो आणि ऐंशी वर्षांचा पट्टाही पुरतो. कामगाराला कायद्यातला भूखंड परवडत नाही म्हणून तो कायद्याबाहेरचा घेतो आणि विकणारा क्वचितच तुरुंगात जातो. सरकारने स्वस्त, बिनशेती, नोंदणीकृत लहान भूखंड गिरण्यांच्या जवळ उपलब्ध केले असते, तर नोटरीच्या प्लॉटला गिऱ्हाईक मिळाले नसते, असे आमचे मत आहे.

तोवर घेणाऱ्यानेच पाहायचे आहे. गुजरातचे सातबारा आणि आठ-अ ‘एनी आर.ओ.आर.’ संकेतस्थळावर गट क्रमांक टाकून फुकट दिसतात. जमीन ‘जुनी शरत’ आहे की ‘नवी शरत’, हेही त्यांवर असते. नव्या शरतीची असेल तर परवानगी आणि सरकारचा नजराणा आला. वसाहत पाचशे चौरस मीटरहून मोठ्या जागेवर किंवा आठाहून अधिक भूखंडांची असेल, तर विकण्याआधी ‘रेरा’ची नोंदणी हवी, भूखंड पाडण्यालाही हा कायदा लागू आहे. ज्यांनी आधीच घेतले, त्यांच्यासाठी गुजरातने 2017 साली ‘सूचित सोसायट्या’ नियमित करण्याची तरतूद केली, पण ती जुन्या व्यवहारांपुरती. त्यासाठी ताबा सिद्ध करावा लागतो. विजेचे जुने बिल, घरपट्टीची पावती, त्या पत्त्यावरचे रेशनकार्ड या गोष्टी फेकून देऊ नयेत. आणि मूळ शेतकरी हयात असेल, तर खरेदीखताची बोलणी आजच सुरू करावीत.