आयोवात हरला म्हणजे संपला? अजिबात नाही!

अमेरिकेत अध्यक्षपदाच्या प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या राज्यवार निवडणुका, सुरू झाल्या की पहिल्या पंधरवड्यातच कुणाला तरी मोडीत काढलं जातं. २०२० मध्ये डेमोक्रॅटिक पक्षात जो बायडन यांचं तेच झालं. आयोवात चौथे, न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे! तिथे जेमतेम ८.४ टक्के मतं पडली आणि पक्षाचा उमेदवार निवडणारा एकही प्रतिनिधी पदरात पडला नाही, कारण या पक्षात प्रतिनिधींचा वाटा मिळवायला किमान १५ टक्के मतं लागतात. मतमोजणीच्या रात्री तिथे न थांबता बायडन थेट साउथ कॅरोलायनात पोहोचले.

खरी मेख इथेच आहे. आयोवा आणि न्यू हॅम्पशायर ही बहुतांशी गोऱ्या मतदारांची राज्यं. साउथ कॅरोलायनात मात्र या पक्षाच्या प्रायमरीत निम्म्याहून जास्त मतदार कृष्णवर्णीय, आणि ते बायडन यांच्या पाठीशी ठाम होते. तिथले खासदार जिम क्लायबर्न यांनी मतदानाच्या तीन दिवस आधी जाहीर पाठिंबा दिला. २९ फेब्रुवारीला बायडन यांना ४८ टक्क्यांहून जास्त मतं मिळाली, प्रतिस्पर्धी बर्नी सँडर्स यांना २० टक्क्यांच्या आसपास.

लगेच बुटिजेज आणि क्लोबुशार या प्रतिस्पर्धी उमेदवारांनी माघार घेऊन बायडन यांना पाठिंबा दिला. ३ मार्चच्या 'सुपर ट्यूजडे'ला, म्हणजे एकाच दिवशी अनेक राज्यांत मतदान होतं त्या मंगळवारी, १४ पैकी १० राज्यं बायडन यांनी मारली!

म्हणून माझं ठाम मत आहे: उमेदवाराची ताकद जोखताना पहिल्या एक-दोन निकालांवर किंवा देशभराच्या सर्वेक्षणावर विसंबू नका. पुढचं मतदान कुठल्या राज्यात, तिथला मतदार कोण आणि मैदानातून कोण बाहेर पडणार, हे आधी बघा.