पनवेलचे पाणी : गळ, जाळे आणि बंदूक

बंदुकीचा परवाना. 1951 चा मुंबई वन्य पशुपक्षी संरक्षण कायदा अमलात असता परवानाधारक शिकाऱ्यास रानबदके टिपण्याची जी मुभा होती, ती 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने आकुंचित केली आणि 1991 च्या दुरुस्तीने कायमची संपुष्टात आणली. अडई, थापट्या वा तलवार बदक यांची शिकार आज फौजदारी गुन्हा आहे.

पाग. कडेला शिशाच्या गोळ्या ओवलेले हे गोल जाळे एका हाताच्या फेकीत पाण्यावर छत्रीसारखे उघडते आणि गोळ्यांच्या भाराने तळाशी बसते. कौशल्याचेच काम!

मनाई. सुरुंग वा विष वापरून मासे मारणे 1897 च्या कायद्यापासून निषिद्ध.

दोन अभयारण्ये.
• कर्नाळा (1968): पनवेलपासून नजीक, परंतु वनपक्ष्यांचे, पाणपक्ष्यांचे नव्हे.
• ठाणे खाडी (2015): रोहित पक्ष्यांचे, 2022 पासून रामसर स्थळ.

शिष्टाचार. शिकारी गेला आणि पाण्याचे वाटेकरी दोनच राहिले: कोळी-आगरी बांधव आणि हिवाळ्यात दूरदेशाहून येणारे पाहुणे पक्षी. थवा उतरलेला असता होडी त्याच्या मधून न घालता कडेने वळवावी. गळ टाकणाऱ्याने पाग फेकणाऱ्यापासून अंतर राखावे. तुटलेला नायलॉनचा दोरा पक्ष्यांच्या पायांत गुंतून त्यांना उपाशी मारतो. तेवढा तरी गुंडाळून प्रत्येकाने घरी न्यावा, ही विनंती.