काडीमोड, पेन्शन आणि सातबारा

महाड तालुक्यातल्या फौजी आंबवड्यात घरटी एक तरी सैनिक, असे सांगतात. महाड-पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांवर पेन्शनीवर चालणारी घरे पुष्कळ. त्यामुळे नवराबायकोचे फाटले की पहिला प्रश्न हाच : पेन्शनीतले अर्धे बायकोला मिळते का?

नाही. अमेरिकेतली न्यायालये घटस्फोटात निवृत्तिवेतनाचा वाटा पाडतात. आपल्या १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात संसाराची मिळकत वाटण्याची सोयच नाही. कलम २७ आहे, पण ते लग्नाच्या वेळी दोघांना मिळून आलेल्या वस्तूंपुरते. बायकोला मिळते ती कलम २५ची पोटगी. ती ठरवताना पेन्शन हे उत्पन्नच धरतात. १८७१चा पेन्शन कायदा धनकोच्या जप्तीपासून पेन्शन वाचवतो खरा. पण पोटगी मागणारी बायको धनको नव्हे, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटले आहे.

खरी मेख पुढे आहे. माणूस गेला की कुटुंब निवृत्तिवेतन त्याच्या पत्नीला मिळते, आणि घटस्फोटित बाई पत्नी राहिलेली नसते. तीस वर्षांचा संसार केलेली बाई संमतीच्या अर्जावर सही करते तेव्हा हे तिला सहसा कोणी सांगत नाही. न्यायिक विभक्ततेने, म्हणजे कलम १०ने, वेगळे राहता येते आणि लग्नही मोडत नाही. वयस्कर बाईने हा विचार आधी करावा, असे मला वाटते. घटस्फोटच हवा असेल, तर पोटगी नवऱ्याच्या नव्हे, स्वतःच्या हयातीपर्यंत मागता येते आणि तिचा बोजा त्याच्या जमिनीवर ठेवता येतो. कलम २५मध्ये दोन्ही गोष्टी आहेत. आता कोकणातला सातबारा म्हणजे सामाईक, त्यावर चुलत्यापुतण्यांची डझनभर नावे. बोजा बसणार तो नवऱ्याच्या हिश्शापुरताच. तरी तो बसवून घ्यावा.

वकिलाच्या फीची धास्ती याहून मोठी असते. कलम २४नुसार ज्याच्याकडे स्वतंत्र उत्पन्न नाही, त्याला दाव्याचा खर्च समोरच्याकडून मागता येतो. नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत त्यावर निर्णय व्हावा, असे कायदा म्हणतो. (‘शक्यतो’ या शब्दावर किती तारखा पडतात, ते पक्षकारच जाणे.) १९८७च्या कायद्याने बाईला उत्पन्न न पाहता सरकारी खर्चाने वकील मिळतो. ‘पोटगीतले इतके टक्के माझे’ असा करार करायला वकिलाला मनाई आहे. फी थकली म्हणून तो कागद अडकवून ठेवू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली स्पष्ट केले.

राहता राहिला काडीमोड. कलम २९ने रूढीचा घटस्फोट शाबूत ठेवला आहे, मात्र तशी रूढी आपल्या समाजात आहे हे सिद्ध करावे लागते. चार पंचांच्या सह्यांचा स्टॅम्पपेपर त्याला पुरत नाही. रूढी सिद्ध झाली नाही तर पहिले लग्न कायम आणि दुसरे रद्दबातल. मग वीस वर्षांपूर्वी माहेरी धाडलेली बाई कुटुंब निवृत्तिवेतनाची हक्कदार ठरते, आणि म्हातारपणी त्याचे दुखणेखुपणे काढलेली दुसरी रिकाम्या हाताने कचेरीतून परतते.