घरच्यांपुढची साक्ष

मद्याच्या आहारी गेलेला, घरात वर्षानुवर्षे कलह माजविणारा, दुकानदारापासून सावकारापर्यंत सर्वांच्या वहीत देणेकरी म्हणून नोंदला गेलेला एखादा गृहस्थ प्रार्थनासभेत उभा राहतो आणि आपण पूर्वी कसे होतो, येशू ख्रिस्ताची ओळख आपल्याला कोणत्या प्रसंगी पटली व त्यानंतर आपल्यात कोणता पालट झाला, हे चारचौघांसमोर सांगतो, तेव्हा त्या कथनाला ख्रिस्ती मंडळी साक्ष म्हणतात. प्रवचनकार शास्त्राच्या आधारे बोलतो. साक्ष देणाऱ्याचा आधार त्याचे स्वतःचे आयुष्य एवढाच असतो, आणि म्हणूनच ज्यांनी ते आयुष्य अगदी जवळून पाहिले आणि सोसले, त्या आईपुढे, पत्नीपुढे आणि भावंडांपुढे ती देणे सर्वांत कठीण असते. सभेतील श्रोत्याला त्याचा पूर्ववृत्तांत ठाऊक नसतो. घरच्यांना तो मुखोद्गत असतो.

तरीही ख्रिस्ती धर्मग्रंथाचा निर्देश घराकडेच आहे. मार्काच्या शुभवर्तमानात कबरस्तानात राहणाऱ्या, साखळदंडांनाही न जुमानणाऱ्या एका भूतग्रस्ताची कथा आहे. बरा झाल्यावर त्याने येशूबरोबर जाण्याची विनंती केली, परंतु येशूने ती मान्य न करता त्याला त्याच्या घरी, स्वकीयांकडे परत धाडले आणि आपल्यावर झालेली दया त्यांना सांगावयास सांगितले. जक्कय या जकातदाराने तर लांबलचक निवेदन केलेच नाही. अर्धी मालमत्ता गोरगरिबांना देण्याचे आणि ज्यांच्याकडून अन्यायाने घेतले त्यांना चौपट परत करण्याचे त्याने जाहीर केले. मला हीच साक्ष सर्वांत भक्कम वाटते, कारण तिचा पडताळा गावातल्या कोणालाही घेता येतो.

गोव्यातील पेडणे आणि डिचोली या महालांत मात्र घरच्यांपुढे साक्ष देण्याची ही गोष्ट इतिहासामुळे अधिक नाजूक झाली आहे. सोळाव्या शतकात तिसवाडी, बारदेश आणि सासष्टी या पोर्तुगिजांच्या जुन्या काबिजादींत देवळे पाडली गेली, १५६० साली इन्क्विझिशन हे धर्मन्यायालय स्थापन झाले, आणि त्या धाकाने कित्येक कुटुंबे आपल्या दैवतांसह नद्या ओलांडून पलीकडच्या मुलखात गेली. दिवाडीचा सप्तकोटेश्वर डिचोली महालातील नार्वे येथे आला आणि १६६८ साली शिवछत्रपतींनी त्याच्या देवालयाचा जीर्णोद्धार करविला. पुढे डिचोली १७८१च्या सुमारास व पेडणे १७८८ साली पोर्तुगिजांच्या अमलाखाली गेले, तोपर्यंत धर्मांतराचा तो आवेश ओसरला होता, आणि या नव्या काबिजादींतील देवस्थानांना व रीतिरिवाजांना हात न लावण्याचे धोरण सरकारने पत्करले होते. त्यामुळे येथील बहुसंख्य घरे हिंदूच राहिली. अशा घरातला मुलगा ‘मी ख्रिस्ताचा झालो’ असे म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात सुटलेले व्यसन आणि लाभलेली शांती असते, परंतु ऐकणाऱ्या आजोबांच्या मनात परागंदा झालेला देव उभा राहतो. त्या स्मृतीला अज्ञान समजून झटकणारा मनुष्य आपल्याच बोलण्याचा मार्ग बंद करून घेतो.

याच भूमीत दुसरीही परंपरा आहे. डिचोली महालातील शिरगावची लईराई, जिच्या वैशाख शुद्ध पंचमीच्या जत्रेत धोंड निखाऱ्यांवरून चालत जातात, आणि म्हापशाच्या चर्चमधील मिलाग्रीस सायबीण या दोघी बहिणी मानल्या जातात, आणि एकीकडून तेल व दुसरीकडून मोगरीची फुले जाण्याची रीत लोक आजही सांगतात. ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत सांगणारे फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ही १६१६ साली गोव्यातच छापले गेले. सक्तीच्या इतिहासाशेजारी हा शेजारधर्माचा आणि देशी वाणीचा इतिहास आहे. साक्ष देणाऱ्याने कोणत्या वारशाला जागायचे, हे त्याच्या हाती आहे.

मराठीत या विषयाचा आदर्श शोधावयाचा तर तो नारायण वामन टिळकांच्या घरात सापडतो. बाबा पदमनजी यांचे ‘अरुणोदय’ हे १८८८ सालचे आत्मचरित्र एका जिज्ञासू मनाच्या शोधाचा प्रामाणिक वृत्तांत आहे, परंतु घर कसे दुभंगते आणि पुन्हा कसे सांधते, हे जाणावयाचे तर टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या ‘स्मृतिचित्रे’कडेच वळावे लागते. टिळकांना १८९३ साली राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने नवा करार दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने ते हलले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर त्या बातमीने आकाश कोसळले. कित्येक वर्षे पतिपत्नी विभक्त राहिली. पुन्हा एकत्र आल्यावरही बाईंनी काही काळ आपले सोवळे सांभाळले, आणि टिळकांनी, त्यांचा स्वभाव उतावळा असूनही, ते सांभाळू दिले. जातिभेद ईश्वराने केलेला नाही असा निर्णय बाईंनी स्वतःच्या विचाराने केला, आणि बाप्तिस्माही स्वतःच्या निश्चयानेच घेतला. १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकात उपदेश जवळजवळ नाही. आहे ते सोसणे, रागावणे, हसणे आणि हळूहळू उमगणे. मराठीतील सर्वांत मोठी ख्रिस्ती साक्ष पतीच्या धर्मांतराने प्रथम घायाळ झालेल्या श्रोतीने लिहिली, आणि तिला कोणी घाई केली नाही म्हणूनच ती लिहिली गेली, असे माझे मत आहे.

साक्षीत आणखी एक प्रश्न असतो, ज्याचा विचार सभांतून क्वचितच होतो. ‘मी दारू पिऊन बायकोला मारीत असे’ हे वाक्य उच्चारणाऱ्याला कृतज्ञतेचे वाटते. मात्र ते वृत्त त्याच्या एकट्याचे नसून मार खाल्लेल्या स्त्रीचेही आहे, आणि तिची अनुमती न घेता ते परक्या लोकांपुढे मांडणे म्हणजे तिची अप्रतिष्ठा पुन्हा एकदा चव्हाट्यावर आणणे होय. तिची क्षमा आधी घरात मागितली जावी, घेणेकऱ्यांचा हिशेब आधी चुकता व्हावा, व्यसन सुटल्याचे शेजाऱ्यांना काही महिने दिसावे, आणि मग बोलावे. विश्वास न ठेवणाऱ्या पतीला पत्नीने शब्दांवाचून केवळ वर्तनाने जिंकता येते, असे पेत्राच्या पत्रातही सुचविले आहे. पूर्वायुष्य रंगवून अधिक काळे करणारी, दुखणे बरे झाल्याच्या भरात इतरांना डॉक्टरांचे औषध सोडावयास सांगणारी, किंवा घरच्या दैवतांची निंदा करणारी साक्ष सत्याशीच प्रतारणा करते.

चवथीला माटोळी बांधण्याच्या दिवशी, देवाकडे कौल घेण्याच्या वेळी, जत्रेत कुळाचा मान घेण्याच्या प्रसंगी खरी कसोटी लागते. पूजेत भाग घेणे मनाला पटत नसेल तर तसे आधीच आणि एकांतात आईला सांगावे. पण बाजारहाट, पाहुण्यांची सरबराई, आजाऱ्याची शुश्रूषा, म्हाताऱ्यांना ने-आण करणे यांतून अंग काढू नये. विश्वास बदलल्याने मुलगेपण संपत नाही, हे घराने पाहिले की अर्धा संशय फिटतो.

कायदाही या बाबतीत स्पष्ट आहे. संविधानाच्या २५व्या अनुच्छेदाने सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आणि आपला धर्म प्रकट करण्याचा, आचरण्याचा व प्रसृत करण्याचा हक्क दिला आहे. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, प्रसार म्हणजे आपली तत्त्वे दुसऱ्याला समजावून सांगणे, दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा तो हक्क नव्हे. अनुभव सांगणाऱ्याला या मर्यादेची अडचण वाटण्याचे कारण नाही. गोव्यात १८६७च्या पोर्तुगीज दिवाणी संहितेपासून चालत आलेल्या नियमाने आईबापांच्या मिळकतीचा अर्धा हिस्सा अपत्यांसाठी राखीव असतो, आणि तो धर्म पाहून ठरत नाही. तेव्हा ‘मिळकतीतले काही मिळणार नाही’ ही धमकी रागाच्या भरात कितीही दिली, तरी तिला कायद्याचा आधार नाही.

पेडण्यातील वा डिचोलीतील ज्या वाचकाच्या घरी असा एखादा मुलगा, मुलगी किंवा सून आज मनातले बोलावयास धजत नसेल, त्याने तिला वा त्याला सोप्यावर बसवून एकदा सगळे ऐकून घ्यावे. त्यात मान्य करण्याचे बंधन नाही, नकारही सांगून टाकावा, परंतु त्यासाठी घरातले त्यांचे पान मांडणे कोणी थांबवू नये.