टपालाने आलेली अंडी

अमेरिकेत दुर्मिळ जातीच्या कोंबड्या पाळणारे हौशी लोक उबवणीची अंडी टपालाने मागवतात. फोमच्या खाचांत बसवलेली डझनभर अंडी शेकडो मैलांवरून येतात. एकालाही तडा नसतो, तरी त्यांतून निम्मी पिल्लं निघाली तर माणूस खूश असतो. कवच शाबूत, मग बिघडतं काय?

मुळात ही अंडी प्रवासात टिकतात, हेच नवल. कोंबडीच्या शरीराचं तापमान सुमारे ४१ अंश सेल्सिअस. अंडं बाहेर येतं तेव्हा फलन होऊन जवळपास दिवस उलटलेला असतो आणि बलकावरच्या फिकट ठिपक्यात हजारो पेशी तयार असतात. बाहेर अंडं निवतं आणि साधारण २० अंशांखाली ही वाढ थबकते. गर्भ मरत नाही, ऊब मिळण्याची वाट पाहतो. कोंबडी खुडूक होऊन बसेपर्यंत तिची आधीची अंडीही अशीच थांबलेली असतात. म्हणून तर पिल्लं जवळजवळ एकदमच बाहेर पडतात. टपालाचं सगळं गणित या सवलतीवर चालतं. गारव्यात आठवडाभर फारसं बिघडत नाही, पुढे मात्र शक्यता घसरत जाते. (दुकानातली अंडी उबवू पाहणाऱ्यांनी श्रम वाचवावेत, त्या कोंबड्यांनी सहसा कोंबडा पाहिलेलाच नसतो.)

घोळ होतो तो अंड्याच्या रुंद टोकाला. अंडं निवताना आतला ऐवज आकसतो, कवचाखालचे दोन पापुद्रे तिथे विलग होतात आणि हवेची पोकळी तयार होते. विसाव्या दिवसाच्या सुमारास पिल्लू याच पोकळीत चोच खुपसून पहिला श्वास घेतं. ट्रकच्या हादऱ्यांनी आणि पार्सलांच्या आदळआपटीने आतला पापुद्रा आणखी सुटतो. अंधारात टॉर्चवर अंडं धरून हळूच कलवलं, की एरवी जागची न हलणारी ती उजळ पोकळी गवंड्याच्या पाणसळीतल्या बुडबुड्यासारखी सरकते.

यावर औषध नाही, फक्त घाई करायची नाही. पार्सल फोडल्यावर अंडी टोकदार बाजू खाली करून दिवसभर तशीच उभी ठेवतात, मग ३७.५ अंशांच्या इनक्युबेटरमध्ये घालतात. एरवी अंडी दिवसातून अनेकदा फिरवावी लागतात, नाहीतर गर्भ पापुद्र्याला चिकटतो. पण पोकळी सुटलेली अंडी बरेच जण पहिले दोन-तीन दिवस हलवतच नाहीत. मला हा मार्ग पटतो, कारण फिरवण्याची खरी निकड त्यानंतरची. पाचव्या दिवसापर्यंत उजेडावर लाल शिरांचं जाळं दिसलं, तर अंड्याने जीव धरला. नुसतं पिवळं नितळ दिसलं, तर दोष प्रवासाचा की मुळात फलनच झालं नव्हतं, हे फोडल्याशिवाय कळत नाही.

गंमत म्हणजे अंड्यापेक्षा पिल्लू पक्का प्रवासी. बाहेर येण्याआधी ते उरलेला बलक पोटात ओढून घेतं आणि त्यावर दोन-तीन दिवस दाणापाण्याविना काढतं. म्हणूनच अमेरिकी टपालखातं १९१८ पासून एक दिवसाची पिल्लं पोचवत आलं आहे. तरीही अंड्यांची मागणी टिकून आहे, कारण एखादी दुर्मिळ जात जपणारे छोटे पाळणारे पुष्कळदा पिल्लं पाठवायच्या भानगडीत पडतच नाहीत.