बाळ झालं म्हणून नाटक का सोडायचं?

माझी ताई लग्नाआधी महिन्याला दोन नाटकं बघायची. मुलगी झाली आणि ते थांबलं. "ही जरा मोठी झाली की जाऊ," असं म्हणता म्हणता चार वर्षं गेली. गेल्या वर्षी आम्ही तिघी एका बालनाट्याला गेलो. पहिल्याच अंकात अंधार झाला, मोठ्याने संगीत वाजलं आणि भाचीने भोकाड पसरलं. पुढच्या रांगेतले काका मागे वळून म्हणाले, "सांभाळता येत नाही तर आणता कशाला?" ताई तिला उचलून बाहेर गेली, ती परत आत आलीच नाही. रिक्षात एवढंच म्हणाली, "आता पाच-सहा वर्षं नाटकाचं नाव नको."

तुमच्याकडेही असं काही घडलंय का? मग थोडं थांबा. नाटक, गाणं, चित्रं या गोष्टी सोडून देण्याची गरज नाही. फक्त मुलांसोबत त्या बघण्याची पद्धत थोडी बदलावी लागते.

सुरुवात रस्त्यावरून करा

भिंतीवरचं चित्र किंवा चौकातलं शिल्प बघायला तिकीट लागत नाही, गप्प बसावं लागत नाही आणि कंटाळा आला की लगेच निघता येतं. लहान मुलांसाठी यापेक्षा सोपी सुरुवात नाही.

दिल्लीत राहत असाल तर लोधी कॉलनीत जा. तिथल्या जुन्या सरकारी घरांच्या भिंतींवर देशोदेशीच्या कलाकारांनी काढलेली ५० हून जास्त मोठी चित्रं आहेत. हिवाळ्यातली सकाळ निवडा आणि पाच-सहा चित्रंच बघा. तिथे लोक राहतात, त्यामुळे आरडाओरडा टाळा.

मुंबईत असाल तर काळा घोडा गाठा. १९९९ पासून इथे कला महोत्सव भरतो, साधारण फेब्रुवारीत. शनिवार-रविवारी तुफान गर्दी असते, म्हणून मुलांना घेऊन मधल्या वारी आणि लवकर जा. महोत्सव नसतानाही तिथला घोडा बघण्यासारखा आहे. २०१७ मध्ये बसवलेल्या या पुतळ्यावर स्वारच नाही! मुलांना विचारा, "घोड्यावरचा माणूस कुठे गेला असेल?" त्यांची उत्तरं ऐकून झाली की खरी गोष्ट सांगा. जुन्या पुतळ्यात घोड्यावर इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड बसला होता. तो पुतळा १९६५ मध्ये तिथून हलवला आणि आता तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे. पुढच्या सुट्टीत राजाला शोधायला जाता येईल.

चित्रासमोर उभं राहून "हे काय आहे, सांग" असं विचारलं की मुलांना परीक्षा वाटते. त्याऐवजी "इथे काय चाललंय?" असं विचारा.

नाटकाला जाण्याआधी

मराठी बालनाट्याची परंपरा मोठी आहे. सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये 'लिटल थिएटर' सुरू केलं. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'ने तर कित्येक पिढ्यांना घाबरवलं आणि हसवलं. पण पहिल्या नाटकाआधी घरी थोडी तयारी हवी.

• गोष्ट आधीच सांगा. पुढे काय होणार हे माहीत असलं की मुलांना भीती कमी वाटते.

• चेटकिणीची ओळख करून द्या. 'अलबत्या गलबत्या'तली चेटकीण आधी दिलीप प्रभावळकरांनी आणि नंतर वैभव मांगलेंनी रंगवली. नटाचा साधा फोटो आणि वेशातला फोटो शेजारी ठेवून दाखवा.

• अंधार होईल, तिसरी घंटा वाजेल, हे सांगून ठेवा. घरी दिवा घालवून, घंटा वाजवून "नाटक-नाटक" खेळा.

• कडेची सीट घ्या. उठावं लागलं तर कुणाच्या गुडघ्यांवरून जायला नको.

• वयाची अट आणि वेळ तपासा. काही नाट्यगृहांत अगदी लहान मुलांना प्रवेश नसतो. बंगळुरूच्या रंगशंकरात उशिरा येणाऱ्यांना आत सोडत नाहीत. तिथे मुलांसाठी खास नाट्यमहोत्सवही होतो, तो चुकवू नका.

• 'क्राय रूम' आहे का विचारा. काही नाट्यगृहांत मागच्या बाजूला काचेची वेगळी खोली असते. बाळ रडलं तरी तिथून नाटक बघता येतं.

आणि हो, फोन पर्समध्येच राहू द्या. अंधारात स्क्रीनचा उजेड नटांनाही दिसतो आणि मागच्यांनाही.

अर्धं बघितलं तरी चालेल

तिकिटाचे पैसे दिलेत म्हणून शेवटपर्यंत बसायलाच हवं, असं नाही. एका अंकानंतर मूल कंटाळलं तर हसत बाहेर पडा. रडवून बसवलेलं मूल पुढच्या वेळी यायलाच नको म्हणेल. संगीताच्या मैफलीलाही हेच. आवाज खूप मोठा असेल तर स्पीकरपासून लांब बसा आणि तान्ह्या बाळाला ढोल-ताशाजवळ नेऊच नका.

मध्येच मूल रडलंच तर लगेच बाहेर जा, पण अपराधी वाटून घेऊ नका. आणि तुमच्या शेजारी दुसऱ्या कुणाचं बाळ रडत असेल तर त्या आईला वाट करून द्या, टोमणा नको.

आणि तुमचं नाटक?

मुलांना बालनाट्याला नेलं म्हणजे तुमचं नाटक बघून झालं, असं नाही. तुम्हाला आवडणारं मोठ्यांचं नाटक, गाणं, प्रदर्शनही हवंच. दोन-तीन महिन्यांतून एकदा पाळी लावा. एकदा बाबा मुलांजवळ आणि आई नाटकाला, पुढच्या वेळी उलट. आजी-आजोबा किंवा मावशी जवळ असतील तर दोघंही जा. परगावी असाल तर महाराष्ट्र मंडळातल्या दुसऱ्या कुटुंबाशी अदलाबदल करा. या शनिवारी त्यांची मुलं तुमच्याकडे, पुढच्या शनिवारी तुमची त्यांच्याकडे.

ताईने सहा महिन्यांनी पुन्हा हिंमत केली. या वेळी भाचीला गोष्ट पाठ होती आणि सीट कडेची होती. राक्षस आला तेव्हा तिने तोंड ताईच्या ओढणीत लपवलं, पण बोटांच्या फटीतून बघत राहिली. प्रयोग संपल्यावर आम्ही रंगपटात कलाकारांना भेटायला गेलो. घाम पुसत बसलेल्या राक्षसाला तिने विचारलं, "तू घरी पण असाच ओरडतोस का?" तो इतका हसला की त्याची मिशीच निघाली.

पुढच्या शनिवारी भाची माझ्याजवळ राहिली. ताई एकटीच मोठ्यांच्या नाटकाला गेली, चार वर्षांनी. रात्री परत आली तेव्हा दारातच चप्पल न काढता पंधरा मिनिटं नाटकाबद्दल बोलत होती. अशी ताई मी बऱ्याच दिवसांनी बघितली.

तुम्ही शेवटचं नाटक कधी बघितलंत?