कॉन्व्हेंटमध्ये नेमकं शिकवतात काय?

अंबरनाथची फातिमा शाळा असो की उल्हासनगरातलं एखादं कॉन्व्हेंट, प्रवेशाचे दिवस आले की पालकांचा हळूच एक प्रश्न येतो: "तिथे बायबल शिकवतात का हो?"

तर ऐका. राज्य मंडळाची शाळा असेल तर पाचवी ते आठवीची पुस्तकं बालभारतीचीच. सहावीला प्राचीन भारत, सातवीला मध्ययुगीन, म्हणजे शिवाजी महाराज आणि मराठ्यांचं स्वराज्य. फरक फक्त माध्यमाचा. मराठीलाही सुट्टी नाही. 2020 च्या कायद्याने ती पहिली ते दहावी सगळ्या मंडळांच्या शाळांत सक्तीची आहे.

वेगळेपण एका तासात दिसतं. कॅथलिक मुलं कॅटेकिझमला, म्हणजे धर्मशिक्षणाला बसतात. बाकीची बहुधा मूल्यशिक्षणाला. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धर्मशिक्षणाला बसवता येत नाही. संविधानाचं कलम 28(3) वाचा, एवढंसं आहे. आणि अशी शाळा चालवण्याचा अल्पसंख्याकांचा हक्क कलम 30 मध्ये.

उल्हासनगर तर फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी वसवलेलं गाव. तिथे एकाच बाकावर सिंधी, मराठी, मल्याळी पोरं सापडायचीच. माझ्या मते हा अभ्यासक्रम छापील पुस्तकापेक्षा भारी!

जाता जाता: मराठी आणि मिशनरी हे नातं नवं नाही. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचं 'ख्रिस्तपुराण' 1616 साली गोव्यात छापलं गेलं. तेही ओवीत. ज्ञानोबांच्या छंदात!